हेतूचा रकाना

माझ्या प्रबंधासाठी मी एक तक्ता ठेवते. एका ओळीत दोन देश आणि एक वर्ष. पुढे रकाने: लोकसंख्या, पोलाद, सैन्य, आरमार, व्यापार. सगळ्यात शेवटी 'हेतू'. त्या वर्षी पहिल्या देशाच्या सरकारने दुसऱ्याच्या मनात काय आहे असं धरलं होतं, ते तिथे लिहायचं. आक्रमक, मर्यादित किंवा अस्पष्ट, यांपैकी एक शब्द. 'ब्रिटन–जर्मनी, १९०७' या ओळीतला हा रकाना आठ महिने रिकामा होता. बाकीचे सगळे भरायला मला दोन दुपारी पुरल्या होत्या.

विषय बड्या सत्तांमधल्या स्पर्धेचा. हे नाव अलीकडे सारखं कानावर येतं. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय सुरक्षा धोरण आलं, त्यापाठोपाठ जानेवारी २०१८ मध्ये संरक्षण धोरण. दहशतवादापेक्षा देशादेशांमधली स्पर्धा हीच आता मुख्य चिंता, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं आणि चीन व रशियाचं नाव घेतलं होतं. तेव्हापासून चर्चासत्रं, निबंध, अभ्यासक्रम, सगळीकडे हाच शब्दप्रयोग. मला तो पुरेसा वाटत नाही. स्पर्धा आहे म्हटलं की कशासाठी आहे हा प्रश्न जणू मिटतो. शर्यतीला शेवटची रेघ असते. इथे रेघ कुठे आहे ते धावणाऱ्यांनाही ठाऊक नसतं, आणि समोरचा नेमका कुठवर धावणार आहे या अंदाजावरच सगळं चाललेलं असतं.

विषय सांगितला की पुढचा प्रश्न ठरलेला: मग अमेरिका आणि चीनचं युद्ध होणार का? माझं काम त्याहून जुनं आहे, १८९५ ते १९१४. त्या काळात ब्रिटनच्या डोळ्यांदेखत दोन सत्ता वर येत होत्या, अमेरिका आणि जर्मनी. दोघी कारखानदारीत ब्रिटनला मागे टाकत होत्या, दोघी आरमार वाढवत होत्या. त्यांतल्या अमेरिकेला ब्रिटनने वाट करून दिली आणि जर्मनीविरुद्ध कंबर कसली. असं का, एवढाच माझा प्रश्न. ऐकायला छोटा आहे. गेली साडेतीन वर्षं मी त्यातच आहे.

या शाखेत सगळे थ्युसिडिडीज या प्राचीन ग्रीक इतिहासकारापासून सुरुवात करतात. अथेन्सची ताकद वाढली आणि त्याची स्पार्टाला भीती वाटली, म्हणून युद्ध अटळ झालं, असं तो म्हणतो. त्याच्या वाक्याला दोन बाजू आहेत, ताकद आणि भीती. ताकदीच्या बाजूवर आमच्या लोकांनी डोंगराएवढं काम केलं आहे. हार्वर्डच्या ग्रॅहम अ‍ॅलिसन यांनी पाचशे वर्षांतली १६ उदाहरणं काढली, चढती सत्ता विरुद्ध प्रस्थापित सत्ता, आणि त्यांतल्या १२ वेळा युद्ध झालं असं दाखवलं. तो आकडा जगभर फिरला. मला मात्र त्या यादीतली दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवून बघायची होती, कारण दोन्हींत प्रस्थापित सत्ता एकच, काळही तोच. ब्रिटन–जर्मनी: युद्ध. ब्रिटन–अमेरिका: शांतता. ताकद दोन्हीकडे वाढत होती, मग भीती एकाच बाजूला कशी वळली?

पहिलं वर्ष मी ताकद मोजण्यात घालवलं. त्यासाठी एक प्रसिद्ध निर्देशांक आहे. १९६३ साली मिशिगन विद्यापीठात डेव्हिड सिंगर यांनी युद्धांची कारणं आकड्यांतून शोधण्याचा मोठा प्रकल्प सुरू केला, त्यातून तो आला. सहा गोष्टी घ्यायच्या: एकूण लोकसंख्या, शहरी लोकसंख्या, लोखंड-पोलादाचं उत्पादन, ऊर्जेचा वापर, सैनिकांची संख्या, लष्करी खर्च. प्रत्येक गोष्टीत जगाच्या एकूण बेरजेतला त्या देशाचा वाटा काढायचा आणि सहांची सरासरी घ्यायची. पद्धत देखणी आहे आणि दोन शतकांना लागू पडते. पण त्या हिशोबात सोव्हिएत संघ कोसळायच्या तोंडावरही अमेरिकेच्या पुढे दिसतो. पोलाद भरपूर, सैनिक भरपूर, लोक भरपूर. ते पोलाद कसलं होतं, ते सैन्य पोसायला देशाच्या कमाईतला किती घास जात होता, ते या सहा आकड्यांत उतरत नाही. चीनही त्यात १९९० च्या दशकातच अमेरिकेला मागे टाकतो. राज्यशास्त्रज्ञ मायकेल बेकली यांनी याच दुखण्यावर बोट ठेवलं: तुम्ही ढोबळ जमा मोजता, खर्च वजा जाता हातात काय उरतं ते मोजत नाही.

मी तक्ता भरून मॅडमकडे नेला. मॅडम म्हणजे माझ्या मार्गदर्शक. त्यांनी सगळे रकाने शांतपणे पाहिले आणि एकच विचारलं, "हे आकडे १९०७ साली लंडनमध्ये कोणाच्या टेबलावर होते?"

कोणाच्याच नव्हते. त्या लोकांसमोर होत्या तारा, वर्तमानपत्रं, वकिलातींची पत्रं आणि स्वतःच्या आठवणी. तिथून माझं काम खऱ्या अर्थाने सुरू झालं.

आधी दोन घटना सांगते. त्यांच्यात फक्त १७ दिवसांचं अंतर आहे, आणि मला त्या अजूनही थक्क करतात.

१७ डिसेंबर १८९५. अमेरिकेचे अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी काँग्रेसला संदेश पाठवला. व्हेनेझुएला आणि ब्रिटिश गयाना यांच्यातल्या सरहद्दीचा वाद होता, ओरिनोको नदीच्या मुखाजवळचा प्रदेश, त्यात सोन्याच्या खाणी. क्लीव्हलंड म्हणाले, सरहद्द कुठे आहे ते आम्हीच आयोग नेमून ठरवू, आणि त्यापलीकडची जमीन ब्रिटनने घेतली तर आम्ही हाती असेल त्या साधनाने विरोध करू. सरळ सरळ युद्धाची धमकी होती. काँग्रेसने आयोगासाठी एक लाख डॉलर लगेच मंजूर केले. त्याआधी जुलैत परराष्ट्रमंत्री रिचर्ड ओल्नी यांनी लंडनला लिहिलं होतं की या खंडावर आज व्यवहारात अमेरिकेचीच सत्ता चालते आणि आमचा शब्द हाच कायदा.

३ जानेवारी १८९६. दक्षिण आफ्रिकेत जेमसन या ब्रिटिश अधिकाऱ्याची सशस्त्र टोळी ट्रान्सव्हालमध्ये, म्हणजे डच वंशाच्या बोअरांच्या प्रजासत्ताकात, घुसली होती आणि बोअरांनी तिला पकडलं होतं. जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म याने ट्रान्सव्हालचे अध्यक्ष क्रूगर यांना अभिनंदनाची तार केली: मित्रसत्तांची मदत न मागता तुम्ही तुमचं स्वातंत्र्य राखलंत. एवढंच. सैन्य नाही, मुदत नाही, जमिनीवर दावा नाही.

आता यांतल्या कशावर ब्रिटन भडकावं? भडकलं ते तारेवर. वर्तमानपत्रं पेटली, लंडनमध्ये जर्मन दुकानांच्या काचा फुटल्या, आरमाराचं एक खास पथक घाईघाईने सज्ज झालं. आणि ज्या अमेरिकेने युद्धाची भाषा केली होती तिच्याशी ११ जानेवारीच्या मंत्रिमंडळ बैठकीत समजुतीने घ्यायचं ठरलं, पंतप्रधान सॅलिसबरी यांचा कल उलटा असूनही. पुढे १८९७ मध्ये लवादाचा करार झाला, १८९९ मध्ये पॅरिसला निकाल लागला, आणि वादातला बहुतेक भाग ब्रिटनलाच मिळाला. कुणाचा बळी गेला नाही.

रक्ताचं नातं, एक भाषा, लोकशाही, अशी कारणं नेहमी दिली जातात. त्यांत तथ्य आहेच. पण भाषा तर १८१२ सालीही एकच होती आणि तेव्हा हेच दोन देश लढले होते. जर्मन राजघराणं ब्रिटिश राजघराण्याचं सख्खं नातलग होतं, कैसर व्हिक्टोरिया राणीचा नातू. नात्याने भीती जात असती तर ती तिकडेही जायला हवी होती.

मला या कोड्याचा धागा सापडला तो एकाच माणसाच्या दोन लिखाणांत. लॉर्ड सेलबर्न १९०० ते १९०५ ब्रिटनचे आरमारमंत्री होते. एप्रिल १९०१ मध्ये त्यांनी कर्झनला एक पत्र लिहिलं. कर्झन तेव्हा भारताचा व्हाइसरॉय. पत्राचा मथितार्थ असा: टाळता येईल तोवर मी अमेरिकेशी कधीच भांडण काढणार नाही, कारण अमेरिकनांनी खर्च करायचं मनावर घेतलं तर ते आपल्याएवढं आणि पुढे आपल्याहून मोठं आरमार उभारू शकतील, आणि आपल्या लोकांच्या अजून हे ध्यानातच आलेलं नाही. यानंतर दीडच वर्षाने, ऑक्टोबर १९०२ मध्ये, याच सेलबर्न यांनी मंत्रिमंडळाला कळवलं की नव्या जर्मन आरमाराची घडण जितकी बारकाईने पाहावी तितकं स्पष्ट होतं की ते ब्रिटिश आरमाराशी संभाव्य लढाईसाठी रचलेलं आहे.

माणूस तोच, खुर्ची तीच. ज्याचं आरमार आपल्याहून मोठं होऊ शकेल त्याच्याशी भांडू नका. ज्याचं आपल्याहून लहानच राहणार त्याच्याविरुद्ध तयारीला लागा. नुसत्या ताकदीच्या हिशोबाने हे उलटं दिसतं. मी ही दोन्ही लिखाणं एका कागदावर शेजारी उतरवून भिंतीला लावली आहेत. रोज दिसतात.

माझं म्हणणं आता सरळ सांगते. भीतीही परवडावी लागते. अमेरिकेला शत्रू मानायचं तर कॅनडाची हजारो मैलांची सरहद्द राखायला हवी होती, अटलांटिकपलीकडे मोठं आरमार कायम ठेवायला हवं होतं, आणि तेवढा पैसा ब्रिटनकडे नव्हता. जिच्याशी लढणं झेपणार नाही त्या सत्तेचा हेतू चांगला असावा, असं आधी वाटू लागतं, आणि मग तसा पुरावाही दिसू लागतो. नोव्हेंबर १९०१ मध्ये पनामाजवळच्या कालव्याचा हक्क ब्रिटनने कराराने अमेरिकेला सोडला, १९०३ मध्ये अलास्काच्या सरहद्दीचा निकाल अमेरिकेकडे झुकला, पश्चिम गोलार्धातली पथकं हळूहळू मागे आली. मागे आलेली ती जहाजं घराजवळच्या समुद्रात लागणार होती, आणि त्या समुद्राच्या पलीकडच्या काठावर जर्मनी होता.

आता त्या रिकाम्या रकान्याकडे येते.

१ जानेवारी १९०७ रोजी ब्रिटिश परराष्ट्र खात्यातले अधिकारी आयर क्रो यांनी जर्मनीवर एक लांबलचक टिपण सादर केलं. क्रो यांचा जन्म लाइपझिगचा, आई जर्मन, पत्नी जर्मन. इंग्लंडमध्ये ते पहिल्यांदा आले तेच मुळी सतराव्या वर्षी. जर्मनी त्यांना पुस्तकातून माहीत नव्हता, घरातून माहीत होता. परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे यांनी त्यावर शेरा मारला की टिपण अत्यंत मोलाचं आहे, आणि ते पंतप्रधान व काही मंत्र्यांकडे पाठवलं. फेब्रुवारीत त्याला उत्तर आलं ते लॉर्ड सँडरसन यांचं. सँडरसन १८९४ ते १९०६ त्या खात्याचे सर्वांत वरिष्ठ सचिव होते, नुकतेच निवृत्त झालेले. ब्रिटिश सरकारने १९२८ साली जुने दस्तऐवज छापले, त्या खंडाच्या परिशिष्टात ही दोन्ही टिपणं पाठोपाठ आहेत. सँडरसनांच्या टिपणावर क्रो यांनी समासात जे शेरे मारले तेही छापले आहेत. म्हणजे हा वाद पानावर चालू असताना दिसतो. एक जण बोलतो, दुसरा कडेने आडवा येतो.

क्रो जुने प्रसंग एकामागोमाग मांडतात. वीस-बावीस वर्षांतली वसाहतींवरून झालेली कुरबूर, धमक्या, सवलती. मग विचारतात: या सगळ्यामागे काय आहे? त्यांच्या मते दोन शक्यता. एक, जर्मनी युरोपवर वर्चस्व आणि समुद्रावर सत्ता मिळवायला पद्धतशीर निघाला आहे. दोन, त्याला तसं काही ठरवून करायचं नाही, मोठ्या देशाला साजेसं स्थान हवं आहे, आणि बाकी सगळा धरसोडीचा कारभार आहे. इथवर मी मान डोलवत वाचत होते. यातली कुठली शक्यता खरी, तेच तर मला रकान्यात लिहायचं होतं. आणि मग क्रो म्हणतात की हे ठरवायची गरजच नाही. दुसरी शक्यता कधीही पहिलीत मिसळू शकते, आणि ताकद एकदा हातात आली की धोका दोन्हीकडून सारखाच. सवलती देण्याबद्दलचं त्यांचं मत तर कडक आहे. धमकावून पैसे उकळणाऱ्याची उपमा ते देतात: एकदा दिलं की तो पुन्हा येणारच. आपल्याकडे म्हणतात ना, बोट दिलं तर हात धरतो. तसं.

ते पान वाचून मी अस्वस्थ झाले होते. हेतू कळू शकत नाही, म्हणून तो विचारातच घ्यायचा नाही, असं एकदा ठरवलं की समोरच्याने काय केलं तर आपलं मत बदलेल? काहीच केलं तरी नाही. मवाळ वागला तरी तो वेळ काढतोय असंच दिसणार. आणि अमेरिकेला मात्र ब्रिटनने ही कसोटी कधी लावली नाही. लावली असती तर अमेरिका त्यात जर्मनीच्या आधी नापास झाली असती.

सँडरसन यांचं टिपण वाचताना थकलेला, अनुभवी आवाज ऐकू येतो. क्रो यांनी कुरापती म्हणून मांडलेल्या प्रसंगांपैकी बरेच त्यांच्या डोळ्यांसमोर घडले होते. १८८० च्या दशकात ते परराष्ट्रमंत्री ग्रॅनव्हिल यांचे खाजगी सचिव होते. ते सांगतात की त्या त्या वेळी जर्मनांचीही काही बाजू होती, वाटाघाटीत ते त्रासदायक असतील, पण प्रत्येक गोष्टीमागे कट शोधू नये. मग येतं ते वाक्य, ज्यासाठी मी त्यांना कायम लक्षात ठेवीन. परक्या माणसाने आपली वर्तमानपत्रं वाचली तर त्याला ब्रिटिश साम्राज्य कसं दिसत असेल? सगळ्या पृथ्वीवर हातपाय पसरून पडलेल्या अवाढव्य राक्षसासारखं. त्याची हातापायांची बोटं संधिवाताने सुजलेली, चहूकडे पसरलेली, आणि कुणी जवळून नुसतं गेलं तरी तो किंचाळतो.

परराष्ट्र खात्यात आयुष्य घालवलेला माणूस स्वतःच्या देशाकडे बाहेरून बघू शकतो, हे मला फार मोठं वाटलं. त्या दिवशी मी रकान्यात 'मर्यादित' लिहिलं. सँडरसनांच्या बाजूने.

तीन आठवड्यांनी खोडलं. कारण कोळसा.

जर्मन युद्धनौकांबद्दल ब्रिटिश आरमाराच्या लोकांनी एक गोष्ट हेरली होती. त्यांचा पल्ला कमी होता आणि खलाशांची राहायची जागा अगदी अडचणीची होती. त्या काळचं जहाज म्हणजे चुली आणि कोळशाची कोठारं. दूरच्या वसाहतींपर्यंत जायचं तर कोठारं मोठी लागतात, माणसं महिनोन् महिने राहणार म्हणून जागाही लागते. कोठारं लहान ठेवली की तेच वजन पोलादी कवचाला आणि तोफांना देता येतं. म्हणजे हे जहाज लांब जाणारच नाही, जवळच लढेल, आणि जोरात लढेल. जर्मनीच्या किनाऱ्यापासून जवळ काय होतं? उत्तर समुद्र, आणि पलीकडे इंग्लंड. व्यापार आणि वसाहतींच्या रक्षणासाठी आरमार हवं, असं जर्मन सरकार जाहीर सांगत होतं. कोठारं वेगळंच सांगत होती.

आणि कोठारं खरं बोलत होती, हे आज आपल्याला माहीत आहे. अ‍ॅडमिरल टिर्पिट्झ यांनी जून १८९७ मध्ये कैसरला दिलेल्या गुप्त टिपणात लिहिलं होतं की जर्मनीचा समुद्रावरचा सर्वांत धोकादायक शत्रू इंग्लंड आहे आणि आपल्या आरमाराची पूर्ण ताकद उत्तर समुद्रातलं जर्मन बेट हेलिगोलंड आणि इंग्लंडची थेम्स नदी यांच्यामध्ये वापरता आली पाहिजे. त्यानुसार १८९८ आणि १९०० चे आरमार कायदे झाले. क्रो यांनी हे टिपण पाहिलेलं नव्हतं. तरी त्यांचा अंदाज बरोबर निघाला.

मी रकान्यात 'आक्रमक' लिहिलं. तेही टिकलं नाही. टिर्पिट्झ यांचा विचार असा होता की जर्मन आरमार इतकं मोठं हवं की त्याच्याशी लढून ब्रिटन जिंकला तरी खिळखिळा होईल. त्या भीतीने ब्रिटन आपल्याशी सांभाळून वागेल, जमलं तर मैत्रीही करेल. धाक बसवून मैत्री मिळवायची, असा हा बेत. यात आक्रमण किती आणि मान मिळवण्याची धडपड किती? १९६१ मध्ये हँबर्गच्या फ्रिट्झ फिशर यांनी जर्मन सरकारच्या दफ्तरांच्या आधारे मांडलं की महायुद्धाची मुख्य जबाबदारी जर्मनीच्या वर्चस्वाच्या महत्त्वाकांक्षेवर येते. त्यावर जर्मनीत जो गदारोळ झाला तो इतिहासकारांच्या जगात अजून पुरता शमलेला नाही. सगळी कपाटं उघडी आहेत, माणसं जाऊन कित्येक दशकं झाली, तरी हेतूवर एकमत नाही. मग जानेवारी १९०७ मध्ये क्रो यांना तो कळायला हवा होता, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

इथे मी काही आठवडे पूर्ण अडकले. लिहिणं बंद झालं. त्या दिवसांत मी १९१४ चा उन्हाळा वाचत बसायचे, कामासाठी नव्हे, सोबतीला. जूनच्या शेवटी कील बंदरात जर्मन नौकाशर्यतींचा सप्ताह होता आणि ब्रिटिश आरमाराचं एक पथक पाहुणं म्हणून आलं होतं. किंग जॉर्ज द फिफ्थ, एजॅक्स, ऑडेशस, सेंच्युरियन, चार आधुनिक युद्धनौका जर्मन नौकांच्या शेजारी नांगरलेल्या. दोन्हीकडचे अधिकारी एकमेकांच्या जहाजांवर जेवायला जात होते. २८ जूनला कैसर आपल्या मेटिओर या शिडाच्या नावेवर शर्यतीत होता. एक लाँच जवळ आली, अ‍ॅडमिरल म्युलर यांनी कागद सिगारेटच्या डबीत घातला आणि डबी नावेवर फेकली. सारायेव्होत आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनंडची हत्या झाल्याची ती बातमी होती. चार महिन्यांनी, २७ ऑक्टोबरला, कीलच्या पाहुण्यांतली ऑडेशस आयर्लंडच्या उत्तरेला जर्मन सुरुंगावर आदळून बुडाली.

या चित्राने मला एक गोष्ट शिकवली. १९१४ पर्यंत आरमारांची शर्यत जवळजवळ निकालात निघाली होती. ब्रिटन पुढे होता, जर्मनीचा पैसा पुन्हा भूदलाकडे वळला होता. बगदाद रेल्वेवरचा जुना तंटा तर १५ जूनलाच लंडनमध्ये मिटला होता. ज्या स्पर्धेवर एवढी टिपणं लिहिली गेली ती ओसरत होती, आणि युद्ध तिसऱ्याच दारातून आलं: ऑस्ट्रिया आणि सर्बिया, मग रशिया, फ्रान्स, शेवटी बेल्जियम. थ्युसिडिडीजकडेही हेच आहे. अथेन्स आणि स्पार्टाच्या भांडणाआधी त्याला कोर्सिरा आणि एपिडॅम्नस या तिसऱ्याच शहरांची हकीकत बारकाईने सांगावी लागते. माझा तक्ता मात्र दोन-दोन देशांचा होता. तिसऱ्याला त्यात जागाच नव्हती.

मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांनी तक्ता पुन्हा मागवला. 'हेतू'वर बोट ठेवून म्हणाल्या, "ब्रिटनने काय धरलं, असं लिहिलंयस तू. ब्रिटन कोण गं?"

मी म्हटलं, "मॅडम, सरकार."

"सरकारात क्रो होता ना? आणि सँडरसन? मग कोणाचं मत लिहिणार?"

आठ महिन्यांच्या अडकण्याचं कारण एवढंच होतं. दोन माणसांची मतं मी एका चौकोनात बसवत होते. देशाला मन नसतं. टेबलं असतात, त्या टेबलांवर माणसं असतात, आणि कुणाचा कागद वर जातो आणि कुणाचा फाइलला लागतो यावर देशाचं मत ठरतं. १९०७ मध्ये क्रो यांचा कागद नोकरीतल्या माणसाचा होता, वरच्यांनी उचलून धरलेला. सँडरसन यांचा निवृत्त माणसाचा. पुढे १९२० मध्ये क्रो त्याच खात्याचे सर्वांत वरिष्ठ सचिव झाले. मी ती ओळ फोडली. एकाच वर्षाच्या दोन ओळी केल्या, आणि 'हेतू'शेजारी एक नवा रकाना घातला: 'कोणी वाचलं'.

आजच्या बातम्या मी आता या नजरेने वाचते. जहाजांच्या संख्येत चीनचं आरमार जगात सर्वांत मोठं आहे, एकूण वजनात अमेरिकेचं. हे दोन आकडे दोन्ही बाजू सोयीप्रमाणे वापरतात. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं की कुठलं जहाज कुठे जाऊन इंधन भरतं. परदेशातला पहिला लष्करी तळ चीनने २०१७ मध्ये जिबुतीला उघडला. अमेरिकेची विमानवाहू नौका जपानमध्ये योकोसुकाला मुक्काम ठोकून असते. बीजिंगमध्ये बसलेल्या माणसाला ती सगळीकडे पसरलेली सुजलेली बोटं दिसत असणारच, आणि वॉशिंग्टनमध्ये कुणीतरी चिनी जहाजांची कोठारं मोजत असणारच. दोघांचंही काम प्रामाणिक असू शकतं.

म्हणून बोलण्याच्या वाटा बंद झाल्या की मला खरोखर धास्ती वाटते. १९६२ च्या क्यूबा पेचप्रसंगात सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचं एक पत्र मॉस्कोतल्या अमेरिकी वकिलातीत पोचल्यापासून वॉशिंग्टनमध्ये पूर्ण हाती येईपर्यंत अर्धा दिवस गेला. सोव्हिएत राजदूत डोब्रिनिन यांनी पुढे सांगितलं की त्यांच्या तारा वेस्टर्न युनियनचा पोरगा सायकलवरून घेऊन जायचा, आणि तो वाटेत कुठे थांबणार नाही ना, याची त्यांना काळजी असायची. १९६३ मध्ये थेट संपर्काची सोय झाली ती त्यानंतर. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेने चिनी बलून पाडला तेव्हा यंत्रं सगळी होती, आणि चीनच्या संरक्षणमंत्र्यांनी अमेरिकी संरक्षणमंत्र्यांचा फोन घेतला नाही. दोन्ही सैन्यांमधला वरिष्ठ पातळीवरचा संवाद पुन्हा सुरू करायचं ठरलं ते त्या वर्षीच्या नोव्हेंबरात, बायडेन आणि शी जिनपिंग कॅलिफोर्नियात भेटले तेव्हा. ते महिने मी रोज सकाळी आधी ती बातमी शोधायचे. माझ्या प्रबंधाशी तिचा काही संबंध नव्हता. तरी शोधायचे.

आता सगळा तक्ता नव्याने लावायला घेतला आहे. प्रत्येक वर्षाच्या दोन, कधी तीन ओळी होतील, आणि पुढची मुदत पाळणं कठीण दिसतंय. मॅडम म्हणाल्या, होऊ दे उशीर. सध्या १८९६ वर आले आहे. ११ जानेवारीच्या त्या बैठकीत सॅलिसबरींच्या विरुद्ध कोण, किती जोरात आणि कुठला कागद हातात धरून बोललं, ते आधी लावायचं आहे. अमेरिकेच्या मैत्रीसाठी वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन सर्वांत आग्रही होते, म्हणून उद्या त्यांच्या पत्रांपासून सुरुवात करते.